निळ्या टाक्याच्या चपला

१

वाशिंदला दोन नंबरच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी काय शिजतंय हे सरस्वतीला झाकण उघडायच्या आधी कळायचं. तळमजल्यावरची खोली, आणि दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची सवय. कुणाचा सिलेंडर आला, कुणाचा नवरा रात्रपाळी करून तोंड पाडून परतला, कुणाच्या पोरीला बघायला माणसं आली, सगळं तिच्या समोरून जायचं आणि ती प्रत्येकाला थांबवून दोन प्रश्न जास्तच विचारायची. लोक पाठीमागे हसायचे. पण मूल तापलं की काढा मागायला तिच्याच दारात यायचे, आणि ती हातातलं काम टाकून उठायची.

बावन्न वर्षांची बाई, सातवी शिकलेली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. घरात मुलगा स्वरूप, सून नेहा आणि साडेतीन महिन्यांची नात. नात म्हणजे चिमी. संध्याकाळी दिवा लागला की सरस्वती गोवरीचा तुकडा गॅसवर पेटवून खापरात ठेवायची, त्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकायची, आणि चिमीला मांडीवर घेऊन धुरी द्यायची. ही धुरी तिच्याच हातची लागे. एकदा नेहाने देऊन बघितली तर पोरीने सगळी बिल्डिंग डोक्यावर घेतली होती. नेहा त्या दिवशी रुसली, सरस्वती मात्र आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटली की नात माझे हात ओळखते.

समोरच्या खोलीतला भगीरथ कारखान्यातून रिटायर झाला आणि त्याने जुनी ईको गाडी घेतली. आता त्याला फिरायची हौस आली होती.

"लोक काश्मीर बघून येतात, वहिनी, आणि आपल्याला शहापूर-मुरबाड माहीत नाय. लाज वाटायला पाहिजे." त्याने कागदावर यादीच केली होती. टेकडीवरच्या देवीचं देऊळ, किन्हवलीकडच्या देवजी मास्तरांचं जुन्या वस्तूंचं संग्रहालय, मग टोकावडे, माळशेज, येताना मुरबाडला त्याचा दोस्त रविंद्र.

टोकावडे म्हटल्यावर सरस्वती सावरून बसली. टोकावड्याच्या वरच्या वाडीत ठमी राहायची. सरस्वतीचं माहेर किन्हवलीचं. ठमी लहानपणी आईबरोबर करवंदं विकायला तिथल्या बाजारात यायची, तेव्हापासूनची मैत्रीण. पाच वर्षांत भेट नव्हती.

"जा तुम्ही, आई," नेहा म्हणाली. "पण दिवेलागणीच्या आत या हां. ही मला ऐकत नाही."

"दिवा लागायच्या आधी दारात असेन," सरस्वती म्हणाली.

२

मार्गशीर्षातली सकाळ होती. भाताची कापणी होऊन शेतं मोकळी झाली होती, मधूनच वालाचे हिरवे तुकडे. लांब माहुलीचे सुळके अर्धे धुक्यात. भगीरथ गाडी चालवत होता, शेजारी त्याची बायको रुपा, मागच्या सीटवर एकटी सरस्वती पाय पसरून बसलेली.

देवळाच्या पायऱ्या जिथे सुरू होतात तिथे जांभळीच्या झाडाखाली चपला काढायच्या. आडवार असल्याने गर्दी नव्हती, आठ-दहा जोड पडले असतील. वर भगीरथने फलक मोठ्याने वाचला, रुपाचे फोटो काढले. सरस्वतीने पुजाऱ्याच्या बायकोला तिची मुलं किती, थोरल्याचं लग्न का रखडलंय, पाणी कुठून भरता, इतकं विचारून घेतलं.

खाली आल्यावर तिच्या चपला नव्हत्या.

त्याच जागी, तशाच, दुसरा जोड होता. तपकिरी, जाड तळाचा, बाजारात ढिगाने मिळतो तो. फरक एवढाच की सरस्वतीच्या डाव्या चपलेचा अंगठा दिवाळीत तुटला होता आणि स्टेशनबाहेरच्या चांभाराने तपकिरी दोरा संपला म्हणून निळ्याने शिवून दिला होता. ह्या चपलेला टाका नव्हता.

"गेल्या तर गेल्या, सरूबाय," रुपा म्हणाली. "देवळातनं चपला गेल्या म्हणजे पीडा गेली. बरंच झालं."

"तिने माझ्या नेल्या, मी तिच्या घेते."

"नको गो! दुसऱ्याची पीडा कोण पायात घालून घेतं? अनवाणी चल गाडीपर्यंत, शहापुरात घेऊ नवीन."

"एवढ्या खड्यांतनं? तू चल हवं तर." सरस्वतीने पाय घातले.

चपला आतून ऊन होत्या.

ती जागच्या जागी थांबली. सावलीतली जागा, थंडी अशी की दगडाला पाय लावावा तर चटका बसल्यासारखा वाटे. आणि ह्या चपला ऊबदार, आत्ताच कुणी पाय काढून ठेवल्यासारख्या. तिने पायऱ्यांकडे पाहिलं. कुणी नव्हतं. रस्ता वळणापर्यंत मोकळा. मग तिने वर झाडाकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाली, पानांतून ऊन पडलं असेल थोडा वेळ.

पण ऊब जाईना. गाडीत बसल्यावरही ती तळव्यांना जाणवत राहिली.

३

देवजी मास्तरांनी निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्या करून गावोगावच्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या. कारवीची धान्याची कनगी, जातं, पानांची इरली, भात मोजायच्या पायल्या, एक तारपा. भगीरथ गाडी सावलीत लावत होता, रुपाला त्याला 'मागे घ्या, मागे घ्या' सांगायचं होतं. सरस्वती पुढे झाली.

दाराशी उंबऱ्याला लागून तिच्या चपला होत्या. डाव्या अंगठ्याला निळा टाका.

"सापडल्या!" तिला हसूच आलं. म्हणजे ती बाईही हेच बघत फिरतेय. आता आत भेटेल, दोघी हसू, अदलाबदल करू. आत तर अनवाणीच जायचं होतं, म्हणून तिने पायातला जोड आपल्या जोडाशेजारी काढला आणि येताना आपल्या घालू असं ठरवून आत गेली.

आत देवजी मास्तर एकटेच होते. हातात फडकं, जात्यावरची धूळ पुसत होते. त्यांनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं.

"काय हो बाई, काही राहिलं का?"

"राहिलं म्हणजे?"

"आत्ताच तर बघून गेलात सगळं. कनगी कुठून आणली हे दोनदा विचारलंत. आमच्या हिला काय आजार होता तेही विचारलंत." ते हसले. "रागावलो नाही हो. इतकं आपुलकीने हल्ली कोण विचारतं."

सरस्वती कनगीपाशी थबकली. कनगी कुठून आणली हे विचारायचं तिच्या अगदी ओठांवर होतं.

"मास्तर, मी आत्ताच आलेय."

"असं?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "मोतीबिंदू उतरतोय म्हणतात डॉक्टर. असेल. सही करा मग वहीत."

टेबलावर पाहुण्यांची वही होती. शेवटच्या ओळीत नाव होतं. सरस्वती, वाशिंद. अक्षर थोराड, सातवीतल्या मुलीचं असावं तसं. 'स्व'मधला अर्धा 'स' मोडका. ती गेली चाळीस वर्षं तसाच काढत आली होती. अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं होतं: छान आहे. घरी जायची घाई आहे.

तिने बोट लावलं. शाई बोटाला लागली.

ती बाहेर आली तेव्हा उंबऱ्याशी एकच जोड होता. बिनटाक्याचा. अंगण मोकळं होतं. रुपा आणि भगीरथ गाडीपाशी उभे राहून भांडत होते.

"इथनं कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोण जातंय? आमी इथंच हाव की."

"माझ्यासारखी कुणी बाई?"

"तुझ्यासारखी दुसरी?" रुपा फिसकन हसली. "एक आहे ती पुरे आमाला!"

उन्हाने अंगण तापलेलं नव्हतं. सरस्वतीने पाय घातले, तर चपला आणखी ऊन झाल्या होत्या.

४

गाडीत तिने पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलं. एका अंगलटीच्या बायका असतात. एका नावाच्याही असतात. वाशिंदला चार सरस्वती सापडतील. पाचवी-सातवी शिकलेल्या सगळ्याच बायकांचं अक्षर सारखं. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, सगळी उत्तरं एकत्र केली की मात्र एकही टिकत नव्हतं.

तिने घरी फोन लावला.

"आई, पुन्हा?" नेहाचा आवाज झोपेतून उठल्यासारखा.

"पुन्हा म्हणजे गं?"

"आत्ता नाही का केलात. चिमी झोपलीये, मीपण जरा पडले होते."

"मी काय बोलले?"

नेहा हसली. "असं काय करता? घरी कोण कोण आहे, स्वरूप किती वाजता येतो, दार आतून लावलंय का."

"नंबर बघ. कुठल्या नंबरावरनं होता?"

"तुमच्याच. दुसऱ्या कुठल्या असणार? आई, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

सरस्वतीने आपल्या फोनमध्ये पाहिलं. सकाळपासून केलेला एकच कॉल, हा. तिने तो रुपाला दाखवला. रुपाने चष्मा शोधला, मिळाला नाही, म्हणाली, "नेहाची झोप होत नाय गो. पोर लहान आहे. ओल्या बाळंतिणीला काय भास होत नायत?"

"भाऊजी, माघारी फिरवा."

"माघारी? वहिनी, ठमीला भेटायचं म्हणून सकाळपासून उड्या मारताय तुमी!" भगीरथने आरशातून पाहिलं. "सरळगाव तर आलं. अर्ध्या तासात टोकावडे."

तिने काचेला डोकं टेकलं. बाहेर पेंढ्याच्या गंजी जात होत्या, शेकोटीभोवती म्हातारे बसलेले दिसत होते. मागची सीट लांबरुंद, पण तिने पाय जवळ घेतले. आपण जिथे जाऊ तिथून ती नुकतीच निघालेली असणार, असं तिला वाटू लागलं. यादी भगीरथच्या खिशात होती. त्या यादीत शेवटी काय लिहिलंय ते सांगायला यादी बघायची गरज नव्हती. शेवटी सगळे घरीच जातात.

५

टोकावड्याला ढाब्यावर भगीरथ आणि रुपा जेवायला बसले. सरस्वती एकटी वाडीकडे चढली. पाऊलवाट नीट आठवत होती. दर वळणावर ती पुढे पाहत होती, कुणी दिसतंय का.

ठमीच्या दारात चपला नव्हत्या. कसल्याच नाहीत. सरस्वतीचा जीव भांड्यात पडला आणि तिने नेहमीसारखी हाक मारली, "ठमे! ए ठमे, मेलीस का?"

ठमी अंगणात आली. केस पांढरे झालेले, पण चाल तीच. ती हसली नाही. कुडाला धरून उभी राहिली.

"तू परत का आली?"

"अगो परत कुठली? पाच वर्षांनी येतेय."

"जेवून गेली ना आत्ता. भाकर खाल्ली. सुकट खाल्ली." ठमीने ओटीवर बोट दाखवलं.

ओटीवर ताट तसंच होतं. नाचणीच्या भाकरीचा मधला भाग खाऊन कड गोल तशीच ठेवलेली. लहानपणापासून सरस्वती कड टाकायची, आणि ठमी तिला शिव्या घालत ती कड खायची. आज ठमीने कडेला हात लावला नव्हता.

"ठमे, ती मी नव्हते."

"मला वाटलं तूच. बोलणं तुझं, हसणं तुझं. गळ्यात पडली माझ्या." ठमीचा आवाज खाली आला. "मग इचाराया लागली. तू इचारतेस तसंच. पण तुझ्याच घरचं मला इचारत होती गो. सरूची खोली कुठल्या मजल्यावर. सून कशी हाय, तापट का गरीब. नातीला धुरी कोण देतो. मी म्हटलं, सरू, तुझंच तुला ठावं नाय? तर हसली नुसती."

"तू काय सांगितलंस?"

"तू ह्या दिवाळीत फोनवर जे सांगितलंस ते. मला काय ठावं?"

सरस्वती पुढे झाली, तिचा हात धरला. ठमीने विंचू चावल्यासारखा हात ओढून घेतला.

"गार! केवढा गार हात! तिचा ऊन होता." ठमी तिच्या पायांकडे बघत होती. "त्या कुणाच्या घातल्यास?"

सरस्वतीने चपला भिरकावल्या. दोन्ही अंगणात उलट्या पडल्या. तेव्हा तिला कळलं की तळव्यांची ऊब गेली, आणि ती ऊब सोडली तर अंगात दुसरी ऊब उरलेलीच नव्हती. बोटं निळसर दिसत होती. थंडीच तशी आहे, तिने स्वतःला सांगितलं. दुपारचे दोन वाजले होते.

"पाणी दे गो घोटभर."

ठमीने पाणी दिलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती कुडाच्या आत सरकली. "सरू, तू सरू असशील तर रागवू नको. मला काय कळत नाय. माझी नातवंडं हायेत आत. तू घरी जा. पळत जा. आणि त्या तेवढ्या इथं ठेवू नको."

सरस्वती वाट उतरू लागली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती, आणि पिशवीत तो जोड. मागे ठमीने झाप ओढून घेतलेला ऐकू आला. पस्तीस वर्षांत ते दार तिच्यासाठी कधी बंद झालं नव्हतं.

६

"चिमीला ताप भरलाय," ती भगीरथला म्हणाली. "नेहाचा फोन आला. आता कुठे थांबू नका, भाऊजी. पाया पडते तुमच्या."

तोंडातून गेल्यावर तिला स्वतःचीच चीड आली. लेकराबद्दल असं बोलतात का? पण गाडी फिरली. माळशेज राहिलं, रविंद्र राहिला. भगीरथने एका शब्दाने कुरकुर केली नाही आणि जुनी ईको खड्ड्यांतून जेवढी पळेल तेवढी पळवली. रुपाने मागे वळून आपली शाल दिली. सरस्वतीने ती लपेटली. पिशवी तिने सीटखाली ढकलली होती. अनवाणी पाय तिने वर घेतले होते.

तिचा हिशोब साधा होता. ती बाई यादीप्रमाणे जात असेल तर आता माळशेजला असेल, मग मुरबाडला. आपण मधली ठिकाणं सोडली. म्हणजे आपण पुढे झालो. पहिल्यांदाच पुढे झालो.

किन्हवली गेलं, शहापूर गेलं. ऊन कलतं झालं होतं. आसनगाव सोडून हायवेला गाडी चांगली धावू लागली, आणि वाशिंद तीन किलोमीटरवर असताना सगळ्या गाड्या थांबल्या.

पुढे ट्रक, मागे ट्रक, डाव्या अंगाला टँकर. रस्ता रुंद करायचं काम वर्षानुवर्षं चाललेलं, त्यामुळे तिथे रोज संध्याकाळी असंच होई, आणि रोजच्या माणसांनी इंजिनं बंद करून मोबाइल काढले.

"झालं," भगीरथ म्हणाला. "आता तासाची निश्चिंती."

सरस्वतीने फोन लावला. फोनमधली बाई म्हणाली, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे. पाच मिनिटांनी लावला. दुसऱ्या कॉलवर आहे. दहा मिनिटांनीही तेच. नेहा इतका वेळ कुणाशी बोलत नाही. नेहाला आई नाही, बहीण नाही. तिला फोन करून इतका वेळ बोलणारं माणूस एकच होतं, सासू.

टँकरवरचं पिवळं ऊन पुसट झालं. कुठल्याशा ढाब्यावर दिवा लागला.

"मी चालत जाते," ती म्हणाली.

"अनवाणी? वेडी झालीस का सरूबाय? त्या पिशवीतल्या तरी घाल."

"त्या नको."

"अगो थांब, सुटेल आता..."

तिने दार सरकवलं आणि खडीवर उतरली. दार लावायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.

७

खडी टोकदार होती. पहिल्या शंभर पावलांत दोन्ही तळवे सोलले, पण दुखत नव्हतं. तेच तिला बरं वाटत नव्हतं. गाड्यांच्या काचांमधून माणसं तिच्याकडे बघत होती. शाल पांघरलेली, अनवाणी, मोकळ्या केसांची बाई हायवेच्या कडेने पळतेय. एका गाडीत आईने पोराचं तोंड आपल्याकडे फिरवून घेतलं.

चढावर गेल्यावर तिने एकदा मागे पाहिलं. ईकोचं दार कुणीतरी लावून घेतलं होतं. आतला दिवा चालू होता, त्यामुळे काचेतून डोकी दिसत होती. भगीरथचं, त्याच्या शेजारी रुपाचं. आणि मागच्या सीटवर तिसरं.

रुपा मागे जाऊन बसली असेल. पण रुपा पुढे होती. मग सीटचा उशाकडचा भाग असेल. पण ते डोकं हललं. पुढे झुकलं. ते काही बोललं असावं, कारण रुपा हसली. इतक्या लांबून हसणं ऐकू आलं नाही, पण रुपाचे खांदे कसे हलतात हे सरस्वतीला वीस वर्षांपासून ठाऊक होतं.

आणि मग सबंध रांगेत दिवे पेटले, इंजिनं सुरू झाली. रस्ता सुटला होता, पण रांग अजून पावलापावलाने सरकत होती.

ती पळाली.

८

दाराबाहेर फक्त नेहाच्या स्लिपर होत्या. सरस्वतीने बेल दाबून धरली.

नेहाने दार उघडलं. कानाला फोन, काखेत चिमी. "अय्या, आलात? आई, हे पायात काय झालं! आणि आत्ता तर म्हणत होतात, ट्रॅफिक सुटलाय, दहा मिनिटांत येते." तिने फोन कानाचा काढून बघितला. "कॉल चालूच आहे अजून."

सरस्वतीने फोन घेतला आणि बंद केला. आत येऊन कडी लावली, ओढून बघितली. "कुणी आलं तरी उघडायचं नाय. मी आलेय म्हणून सांगितलं तरी नाय."

"म्हणजे?"

"मग सांगते. आधी पोर दे. दिवा लागला का? निखारा कर."

पोर मांडीवर आली आणि तिच्या जिवाला आधार मिळाला. नेहाने गोवरी पेटवली, खापर आणून ठेवलं. ओव्याचा धूर वर आला. हे घर, हा पाट, हे लेकरू. सरस्वतीने तळहात खापरावर धरला, नेहमीसारखा शेकून पोरीच्या पोटाला लावावा म्हणून. धग लागेना. तिने हात आणखी खाली नेला. नेहा ओरडली, "आई, भाजेल!" हात निखाऱ्यापासून बोटभर अंतरावर होता.

तरी तो तिने पोरीच्या पोटावर ठेवला. चिमीने अंग चोरलं. रडली नाही. नुसती बघत राहिली, एखाद्या नवीन माणसाकडे बघावं तशी, मग तिचा ओठ खाली वळला आणि ती जी आकांताने रडायला लागली तशी सरस्वतीच्या हातात ती कधी रडली नव्हती.

बेल वाजली.

"नेहा, उघड गो!" रुपाचा आवाज. "तुझ्या सासूला धडधाकट आणली बघ. मधेच उतरून चालत निघाली होती ही शहाणी. बरं झालं, दोन मिनिटांत परत येऊन बसली. निळ्या टाक्याच्या चपला सापडल्या म्हणून हसतेय आता. आणि चिमीचा ताप कसा आहे?"

"ताप?" नेहा म्हणाली. ती सरस्वतीकडे बघत होती.

"मी सांगितलं ते. खोटंच. लवकर यायला पाहिजे होतं म्हणून."

मग बाहेरून दुसरा आवाज आला. जरा घोगरा, हसरा. स्वतःचा आवाज माणसाला कधी पटत नाही, पण सरस्वतीला तो पटला. "नेहा, बाळा, उघड. लेकरू रडतंय ना? धुरी राहिली असेल तिची."

सरस्वतीने सुनेला कधी बाळा म्हटलं नव्हतं. म्हणायला हवं होतं, असं तिला त्या क्षणी वाटलं.

नेहा दाराच्या भोकाला डोळा लावून उभी राहिली. बराच वेळ. बाहेर काय दिसतंय ते सरस्वतीने विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला काही विचारायचं नव्हतं.

नेहा वळली. तिची नजर आधी फरशीवर गेली. दारापासून पाटापर्यंत मातीची, रक्ताची पावलं उमटली होती. मग सुटलेल्या केसांवर, रुपाच्या शालीवर, आणि निखाऱ्यावर धरूनही न भाजलेल्या त्या हातावर.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "चिमीला माझ्याकडे द्या."

"नेहा, मीच आहे गं."

"हो. पण आधी तिला द्या."

सरस्वतीने पोरीला घट्ट धरलं. एकदा तिला वाटलं, सोडूच नये. ह्या खोलीत, ह्या पाटावर, आपल्या लेकराला कवटाळून बसावं, मग बाहेर कुणी किती का हाका मारेना. तिने सवयीने चिमीची पावलं मुठीत घेतली. इवलीशी पावलं. नेहमी पुरीसारखी गरम असायची.

ती गार पडायला लागली होती.

सरस्वतीने हात लांब केले आणि पोर देऊन टाकली. आईच्या खांद्याला लागताच चिमी रडायची थांबली. नेहाने तिचे पाय पदरात गुंडाळले, तशीच एकेक पाऊल मागे सरकत दारापाशी गेली, आणि सरस्वतीवरची नजर न काढता पाठीमागे हात नेऊन तिने कडी काढली.